शस्त्र परवानाधारकांचे दोषसिद्धी प्रमाण

शस्त्र परवानाधारकांचे दोषसिद्धी प्रमाण म्हणजे कायदेशीर परवान्याचे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा अन्य अग्निशस्त्र बाळगणाऱ्या व्यक्तींपैकी किती जणांवरील गुन्हा एका ठरावीक काळात न्यायालयात शाबीत झाला, याचे त्या गटाच्या एकूण संख्येशी असलेले गुणोत्तर होय. हे गुणोत्तर सर्वसाधारण लोकसंख्येतील तशाच गुणोत्तराशी ताडून पाहिले जाते. ‘परवानाधारक हा समाजातील सरासरी माणसापेक्षा अधिक कायदा पाळणारा असतो का?’ हा या तुलनेमागील मूळ प्रश्न आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात अशी आकडेवारी दरवर्षी अधिकृतपणे प्रसिद्ध होते. भारतात या धर्तीचा वार्षिक अहवाल निघत नाही. तरीही परवाना देताना, त्याचे नूतनीकरण करताना आणि तो रद्द करताना हाच प्रश्न जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि न्यायालये यांच्यासमोर वेगळ्या रूपात उभा राहतो. बीड जिल्ह्यातील परवान्यांच्या २०२५ मधील छाननीमुळे तो मराठवाड्यात विशेष चर्चेत आला.

संज्ञेविषयी

मराठीत ‘दोषसिद्धी दर’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून पुष्कळ गोंधळ होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक ग्रंथात दोषसिद्धी दर म्हणजे न्यायालयांनी त्या वर्षी निकाली काढलेल्या खटल्यांपैकी किती खटल्यांत आरोपीला शिक्षा झाली याची टक्केवारी. हे मोजमाप तपासयंत्रणा आणि अभियोग पक्ष यांच्या कामगिरीचे आहे. प्रस्तुत तुलनेत मात्र भाजकाच्या जागी खटल्यांची संख्या नसून माणसांची संख्या असते. म्हणजे दर लाख व्यक्तींमागे किती जण दोषी ठरले हे पाहिले जाते. पहिल्या अर्थाचा दर वाढला म्हणजे गुन्हेगारी वाढली असे होत नाही, किंबहुना ती सुधारणा समजली जाते. दुसऱ्या अर्थाचे प्रमाण वाढणे ही चिंतेची बाब असते. वृत्तपत्रीय लेखनात या दोहोंची सरमिसळ इतकी सर्रास होते की, आकडा वाचण्यापूर्वी भाजक कोणता आहे हे तपासून घेणेच इष्ट.

दोन्ही अर्थांचा परस्परांशी संबंधही आहे. महाराष्ट्रात भारतीय दंड संहितेखालील खटल्यांतील दोषसिद्धी दर २०१० च्या सुमारास दहा टक्क्यांच्याही खाली होता. त्यानंतरच्या दशकात त्यात मोठी वाढ झाली. दहापैकी नऊ खटल्यांत आरोपी सुटत असतील, तर ‘अमुक गटातील फारच थोडे लोक दोषी ठरले’ या विधानातून त्या गटाच्या वर्तनाविषयी फारसे काही कळत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने जनतेला निःशस्त्र करण्याचे धोरण स्वीकारले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा आला. या कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. हा भेद काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून तक्रारीचा विषय होता. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियम व निर्बंध यांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असे कलम समाविष्ट होते.

राज्यघटनेत मात्र हा हक्क आला नाही. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तशी दुरुस्ती सुचवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरसकट सर्व नागरिकांना हा हक्क दिला तर सराईत गुन्हेगारांनाही तो मागता येईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. नागरिकांमध्ये शस्त्र कोणाच्या हाती द्यावे आणि कोणाच्या नाही ही निवड राज्यसंस्थेने करावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले. परवानाधारकांच्या गुन्हेगारीची आजची सगळी चर्चा याच तत्त्वावर उभी आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने ब्रिटिश मुलखातील कायदा त्या भागास थेट लागू नव्हता. सध्याचा शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

परवाना कोणाला मिळतो

या तुलनेचे मर्म परवान्याच्या अटींत दडलेले आहे. अधिनियमाच्या कलम ९ नुसार २१ वर्षांखालील व्यक्ती, हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती (शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षांपर्यंत) आणि शांतता राखण्याचे बंधपत्र देण्याचा आदेश झालेली व्यक्ती यांना अग्निशस्त्र बाळगता येत नाही. कलम १३ प्रमाणे अर्ज आल्यावर संबंधित पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. कलम १४ मध्ये परवाना नाकारण्याची कारणे आहेत. सार्वजनिक शांतता व सुरक्षितता हे त्यांपैकी सर्वांत व्यापक कारण. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असेही हेच कलम बजावते. प्रत्यक्षात शस्त्राची किंमत, काडतुसांचा खर्च आणि कचेरीतील खेपा यांमुळे पिस्तुलाचा परवाना बहुधा सुस्थितीतील माणसाकडेच आढळतो, हा भाग निराळा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे व ठेवण्याचे प्रशिक्षण आणि राष्ट्रीय माहितीसाठ्यातील विशिष्ट ओळख क्रमांक या बाबी जोडल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली.

या चाळणीतून जो गट उरतो तो सर्वसाधारण लोकसंख्येचा नमुना नसतो. त्यात अल्पवयीन नाहीत, एकविशीच्या आतील तरुण नाहीत, अलीकडेच शिक्षा भोगून आलेले नाहीत आणि पोलिसांच्या दप्तरात ज्यांचे नाव ठळकपणे आहे असे लोकही, निदान नियमानुसार, नसावयास हवेत. हिंसक गुन्ह्यांतील आरोपींमध्ये तरुण पुरुषांचे प्रमाण जगभर जास्त आढळते. त्यामुळे परवानाधारकांचे दोषसिद्धी प्रमाण सरासरीपेक्षा कमी निघणे हे अपेक्षितच आहे. ते परवान्यामुळे कमी झालेले नसते. कमी प्रमाणाच्या लोकांनाच परवाना दिलेला असतो. ते सरासरीइतके किंवा त्याहून जास्त निघाले, तर मात्र चाळणीच फाटकी आहे असा अर्थ होईल. म्हणून या आकड्याकडे परवानाधारकांच्या सद्‌वर्तनाचा दाखला म्हणून पाहण्यापेक्षा परवाना देणाऱ्या यंत्रणेची परीक्षा म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.

टेक्सासमधील आकडेवारी

टेक्सासमध्ये १९९५ च्या कायद्याने, १९९६ पासून, परवानाधारकाला छोटे अग्निशस्त्र कपड्याखाली लपवून बाळगण्याची मुभा मिळाली. राज्याचा सार्वजनिक सुरक्षा विभाग दरवर्षी ठरावीक गुन्ह्यांतील एकूण दोषसिद्धी आणि त्यांपैकी परवानाधारकांच्या दोषसिद्धी असा तक्ता प्रसिद्ध करतो. २०११ च्या तक्त्यात एकूण दोषसिद्धी सुमारे ६३,७०० असून त्यांपैकी १२० परवानाधारकांच्या होत्या, म्हणजे ०.१९ टक्का. त्या वेळी चालू परवाने ५ लाख १८ हजारांच्या घरात होते आणि राज्यातील एकविशीवरील लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. प्रौढांपैकी सुमारे तीन टक्के असलेल्या गटाच्या वाट्याला दोषसिद्धींचा पाचशेवा हिस्सा आला. लाखाच्या हिशेबात सांगायचे तर परवानाधारकांमध्ये सुमारे २३ आणि सर्व प्रौढांमध्ये ३६० च्या वर.

हा फरक डोळ्यांत भरणारा असला तरी तेथील परवान्यासाठीही बोटांचे ठसे, प्रशिक्षण, शुल्क आणि स्वच्छ पूर्वेतिहास यांची अट होती, हे विसरता येत नाही. २००१ ते २००९ या काळातील टेक्सासच्या आकड्यांचा अभ्यास चार्ल्स फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. परवानाधारक दोषी ठरण्याची शक्यता एकंदरीत कमी असल्याचे त्यातही दिसले. मात्र जे थोडे परवानाधारक दोषी ठरले, त्यांच्या गुन्ह्यांमध्ये लैंगिक गुन्हे, शस्त्रासंबंधीचे गुन्हे आणि मृत्यूस कारण ठरलेले गुन्हे यांचा वाटा इतर दोषींच्या मानाने अधिक होता. घरफोडी, चोरी यांसारखे गुन्हे त्यांच्यात कमी होते. एकच बेरीज पाहिली तर हा फरक झाकला जातो. सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेक प्रौढांना परवान्याविनाही असे शस्त्र बाळगता येते; त्यामुळे त्यानंतरचे परवानाधारक आणि पूर्वीचे परवानाधारक हे एकसारखे गट राहिलेले नाहीत.

शस्त्र बाळगण्याची मुभा दिल्याने समाजातील एकूण हिंसाचार वाढतो की घटतो हा स्वतंत्र वाद आहे. जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांच्या १९९७ च्या निबंधापासून तो सुरू आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ मध्ये दोन्ही बाजूंचा पुरावा अपुरा ठरवला. दोषसिद्धी प्रमाणाने या वादाचे उत्तर मिळत नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील परवाने

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात सर्व प्रकारच्या अग्निशस्त्रांचे मिळून ३३.६९ लाख परवाने होते. त्यांपैकी १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, ३.६९ लाख जम्मू-काश्मीरमध्ये आणि ८४,०५० महाराष्ट्रात होते. २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येशी ताडल्यास उत्तर प्रदेशात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ६४० परवाने होते. महाराष्ट्रात अवघे ७५. नागालँडचा आकडा ३६,६०६ म्हणजे दिसायला लहान, पण लोकसंख्येच्या मानाने तो महाराष्ट्राच्या जवळजवळ पंचवीसपट आहे. जम्मू-काश्मीरच्या आकड्याविषयी स्वतंत्र खुलासा आवश्यक आहे. तेथे २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या सुमारे २.७८ लाख परवान्यांतील गैरव्यवहाराची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाने हाती घेतली. असे बनावट वा नियमबाह्य परवाने जेथे मोठ्या संख्येने असतील, तेथे ‘परवानाधारक’ हा गटच संशयास्पद ठरतो आणि त्याचे दोषसिद्धी प्रमाण काढण्याला अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रातील परवानेही एकजिनसी नाहीत. सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांत शेती संरक्षणासाठी दिलेल्या बंदुका मोठ्या प्रमाणात आहेत; रानडुक्कर व माकड यांच्यापासून पीक वाचवणे हा त्यांचा उद्देश. पुणे, ठाणे व मुंबई परिसरात बांधकाम व्यावसायिक, राजकीय कार्यकर्ते आणि खासगी अंगरक्षक यांच्याकडील पिस्तुले व रिव्हॉल्व्हर ही निराळी बाब. नारळीच्या बागेत माकडे हुसकणारा शेतकरी आणि कमरेला पिस्तूल लावून सभेत वावरणारा पुढारी यांना एकाच रकान्यात मोजून काढलेली सरासरी दोघांबद्दलही चुकीचे सांगते. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात तर कोडवा समाजाला परंपरेने परवान्यातूनच सूट आहे. अशी सूट असलेले शस्त्रधारक परवान्यांच्या मोजणीत येतच नाहीत.

अग्निशस्त्राने झालेल्या खुनांचे ‘परवाना असलेले’ व ‘परवाना नसलेले शस्त्र’ असे वर्गीकरण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने काही वर्षे प्रसिद्ध केले. त्यात विनापरवाना शस्त्रांचा वाटा सातत्याने फार मोठा, बहुधा दहापैकी आठांहून अधिक, दिसतो. महाराष्ट्रात पकडले जाणारे गावठी कट्टे अनेकदा मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी परिसरातून जळगावमार्गे येतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात विनापरवाना शस्त्रांच्या प्रसाराची स्वतःहून दखल घेतली. भारतात अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. परवानाधारकांच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. परंतु ‘शस्त्र परवान्याचे होते का’ आणि ‘गुन्हेगार परवानाधारक होता का’ हे प्रश्न एक नव्हेत.

मोजणीतून निसटणारी प्रकरणे

महाराष्ट्रातील काही गाजलेल्या प्रकरणांवरून हा फरक स्पष्ट होतो. भारतीय जनता पक्षाचे नेते, मूळचे अंबाजोगाईचे प्रमोद महाजन यांच्यावर २२ एप्रिल २००६ रोजी त्यांचे बंधू प्रवीण महाजन यांनी वरळी येथील निवासस्थानी गोळ्या झाडल्या. वापरलेले .३२ बोअरचे ब्राउनिंग पिस्तूल परवान्याचे होते. डिसेंबर २००७ मध्ये सत्र न्यायालयाने प्रवीण महाजन यांना दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. परवानाधारक, परवान्याचे शस्त्र आणि दोषसिद्धी ही तिन्ही येथे एकत्र येतात. टेक्सासच्या पद्धतीचा तक्ता असता तर हे प्रकरण त्यात सरळ नोंदले गेले असते.

अभिनेते संजय दत्त यांचे प्रकरण याच्या उलट प्रकारचे आहे. त्यांच्याकडे शिकारीच्या तीन शस्त्रांचे परवाने होते. दोषसिद्धी झाली ती मात्र १९९३ साली विनापरवाना शस्त्रे जवळ ठेवल्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये त्यांची दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. शस्त्रानुसार वर्गीकरण केले तर हा गुन्हा ‘विनापरवाना’ रकान्यात जातो, व्यक्तीनुसार केले तर ‘परवानाधारक’ रकान्यात.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. पिस्तुलाचा परवाना मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावे होता आणि मारेकऱ्याने लगेच स्वतःलाही गोळी घालून घेतली. मारेकरीच हयात नसल्याने त्याच्यावर खटला चालणे शक्य नव्हते. शस्त्र कायदेशीर, बळी गेलेला जीव खरा, आणि दोषसिद्धीच्या तक्त्यात मारेकऱ्याच्या नावे शून्य. त्याच आठवड्याच्या आसपास, २ फेब्रुवारी रोजी, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी परवान्याच्या शस्त्रातून गोळीबार केल्याचे प्रकरण घडले. अशी प्रकरणे न्यायालयाचा अंतिम निर्णय होईपर्यंत, म्हणजे कित्येकदा अनेक वर्षे, दोषसिद्धीच्या मोजणीबाहेर राहतात.

अपघात आणि आत्महत्या यांचाही येथे विचार करावा लागतो. अभिनेते गोविंदा यांच्या पायाला १ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. यात गुन्हेगार कोणीच नाही. लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात केला जाणारा गोळीबार २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

छत्रपती संभाजीनगर विभाग आणि बीडची छाननी

छत्रपती संभाजीनगर शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना, तर ग्रामीण भागात तो जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांना आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्धचे अपील विभागीय आयुक्तांकडे चालते. त्यापुढील वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर येतात. मराठवाड्याखेरीज जळगाव, धुळे, नंदुरबार व अहिल्यानगर हे जिल्हेही या खंडपीठाच्या कक्षेत आहेत.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून मारहाणीत हत्या करण्यात आली. या हत्येत बंदूक वापरली गेली नव्हती. परंतु त्यानंतर जिल्ह्यातील दहशतीची चर्चा सुरू झाली, शस्त्रे मिरवल्याच्या आणि हवेत गोळीबार केल्याच्या चित्रफिती पसरल्या आणि जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे समोर आले. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी परभणीसारख्या शेजारच्या जिल्ह्यातील अत्यल्प परवान्यांशी त्याची तुलना केली. पोलिसांनी गुन्हे दाखल असलेल्या परवानाधारकांची यादी काढली आणि जानेवारी २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शंभराहून अधिक परवाने रद्द झाले.

येथे निकष दोषसिद्धीचा नव्हता, दाखल गुन्ह्यांचा होता. कलम १७ नुसार सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटल्यास परवाना निलंबित वा रद्द करता येतो. त्यासाठी गुन्हा शाबीत होण्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरीकडे, केवळ गुन्हा दाखल आहे एवढ्यावरून परवाना रद्द करता येणार नाही, त्यापासून शांततेला धोका कसा पोहोचतो हे आदेशात दिसले पाहिजे, अशी भूमिका अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेक निर्णयांत घेतली आहे. गावकीच्या भांडणात प्रतिस्पर्ध्याने खोटी फिर्याद दिली तर शस्त्र काढून घेतले जाईल, ही परवानाधारकाची भीती अगदीच निराधार नाही. साक्षीदार पुढे येत नाहीत म्हणून ज्याच्यावर एकही गुन्हा शाबीत होत नाही, अशा माणसाच्या कमरेला शासनमान्य पिस्तूल पाहणाऱ्या गावकऱ्याची भीतीही तितकीच खरी आहे. दोषसिद्धी हा निकष पहिल्या भीतीची काळजी घेतो. दुसरीची घेऊ शकत नाही, कारण जेथे दहशत सर्वाधिक, तेथेच दोषसिद्धी सर्वांत कमी असण्याचा संभव असतो.

जिल्ह्याच्या पातळीवर संख्याशास्त्रीय अडचणही आहे. बाराशे परवानाधारकांपैकी वर्षात एक जण दोषी ठरला तर प्रमाण लाखी सुमारे ८३ होते, दोन ठरले तर १६७. एका निकालाने प्रमाण दुप्पट होत असेल, तर एका वर्षाच्या आकड्यावरून जिल्ह्या-जिल्ह्यांची क्रमवारी लावणे व्यर्थ होय. निदान दहा वर्षांची बेरीज हाती असावी लागते.

निवडणुकीच्या काळात हाच प्रश्न ठरावीक वेळी पुन्हा येतो. आचारसंहिता लागू झाली की जिल्हास्तरीय छाननी समिती परवान्यांचा आढावा घेते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सहभाग असलेले परवानाधारक यांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेण्याविरुद्ध कोकणातील शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. मतदानाचा हंगाम आणि उभ्या पिकाचा हंगाम एकच आला की राखणीची बंदूक ठाण्यात आणि रानडुकरे शेतात, अशी त्यांची अवस्था होते.